नवी आवृत्ती

आन्सेल्मने स्विंडनहून पुस्तक धाडलं,
कस्टमवाल्यांनी फोडून पुन्हा चिकटवलेलं.
आत चकचकीत ड्रॅगन,
वास मात्र औषध कंपनीच्या कॅटलॉगचा.
काउंटरमागे बसून वाचलं,
पानात बोट घालून
गिऱ्हाइकांना पॅरासिटामॉल देत.

पहिलं पुस्तकही त्याचंच.
तारवटी होता तेव्हा, बोटीवरून उतरताना
मोज्यांच्या पिशवीत घालून आणलेलं.
म्हापशात झेरॉक्स काढली, एकशे नव्वद पानं.
हळदोण्याला त्याच्या बाल्कांवात चार जणांत एकच
वीस बाजूंचा फासा, तोही
कुत्र्याने चावलेला. सात कधी पडलाच नाही,
की पडला आणि वाचता आला नाही, देव जाणे.

आता मरण महाग केलंय.
आमच्या वेळी प्रेमानंदचा जादूगार
पहिल्याच संध्याकाळी उंदराने मारला.
त्याचा कागद आम्ही काजूखाली पुरला,
थेंबभर फेणी ओतली, उरलेली प्यालो.
नव्या नियमात तीन-तीन संधी,
वर मित्राने हात लावला की स्वारी उभी,
अंगावरचा चिखल झटकून.

पुतण्या साईश फोनवर फासा टाकतो.
घरंगळण्याचा आवाज फोनच काढतो.
त्याचा योद्धा तलवार गहाण टाकून
बेकरी चालवतो. तीन रविवार झाले,
अजून भट्टीच बांधतायत.
मी विचारलं, लढाई कधी?
म्हणाला, काका, मैद्याचा भाव वाढलाय.

हे सगळं चालवून घेतलं असतं.
पण राक्षसांच्या प्रकरणात
'स्वभाव' हा रकानाच नाही.
ऑर्क आता जन्मतः दुष्ट नाहीत.
चित्रात एक ऑर्क बाई, कडेवर पोर,
मागे चूल, चुलीवर काहीतरी रटरटतंय.
मी आन्सेल्मला रागाने लिहिलं:
मग मारायचं कुणाला?
त्याची रात्रपाळी होती. उत्तर आलं नाही.

आणि तेव्हा आठवलं. न आठवून सांगतो कुणाला.
सत्त्याण्णव, चवथ उलटून आठवडा झालेला,
वीज गेलेली, पेट्रोमॅक्स मधोमध.
खेळ मी चालवत होतो.
गुहेत अकरा ऑर्क मेले,
शेवटच्या खोलीत कातड्यांखाली सात पिल्लं.
लॉर्नाची पुजारीण दारात थांबली.
लॉर्ना म्हणाली, ही पोरं आहेत ना रे?
मी झेरॉक्स कंदिलाजवळ धरली, मोठ्याने वाचलं:
स्वभाव: दुष्ट, नेहमी.
'नेहमी' लिहिलंय, म्हटलं, मी काय करू.
प्रेमानंदने फासा टाकला. सात वेळा.
एका पिल्लाचे पाच गुण,
पस्तीस मी वहीत मांडले, खाली रेघ ओढली.

लॉर्नाने पेन्सिल पर्समध्ये टाकली,
म्हणाली, शेवटची कदंबा चुकेल.
पावणेसात वाजले होते. शेवटची साडेआठला.
आम्ही हसलो. ती पुन्हा आली नाही.
बायकांना हा खेळ कळत नाही, असं कोण म्हणालं
ते मला नक्की आठवत नाही.
मीच असेन.

लॉर्नाचा आता खोर्लीत दवाखाना आहे,
दातांचा. माझी दाढ जानेवारीपासून दुखतेय.
दोन वर्षं पणजीला जात होतो.

या मंगळवारी गेलो. पुस्तक पिशवीत.
तिने ओळखलं, केस पांढरे झाले रे म्हणाली,
खुर्ची मागे कलती केली, सुई टोचली,
कापसाचे दोन बोळे गालात.
दुखलं तर हात वर कर, म्हणाली.
डोक्यावर दिवा, त्यात तिचा मास्क,
मास्कवर तेच डोळे, दारात थांबलेले.

मी हात वर केला.
यंत्र थांबलं.
दुखत नव्हतं काहीच, जीभ लाकडासारखी.
ती फोरं होती, मी म्हटलं.
काय?
फोरं. ती फोरं होती.

तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.
थुंक आधी, म्हणाली.